पुनर्विकास उपसमितीत कोणाला घ्यावे आणि कोणाकडे कोणते काम द्यावे?

जिन्याखालचा फळा (धागाकर्ता)

नमस्कार. आमची सहकारी गृहनिर्माण संस्था ठाण्यात पाचपाखाडीत आहे. इमारत १९८६ सालची. तळमजल्यावर चार दुकाने आणि वर चार मजल्यांवर २८ सदनिका. तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक असल्याने ती आम्ही करून घेतली. अहवालात इमारत सी-२ बी वर्गात आली, म्हणजे रहिवाशांना बाहेर न काढता दुरुस्ती करता येईल अशी. परंतु दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा सभेत वाचून दाखवल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि बोलू लागले तेव्हा सगळे पुनर्विकासावरच बोलू लागले. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन कायद्याने संस्थेच्या नावे होणे, तीन वर्षांपूर्वीच झालेले असल्यामुळे जमिनीच्या मालकीचा घोळ सुदैवाने नाही.

विशेष सर्वसाधारण सभेने सात जणांची पुनर्विकास उपसमिती नेमायचे ठरवले असून नावे सुचवण्याचे काम व्यवस्थापक समितीकडे, म्हणजे व्यवहारात सचिव या नात्याने माझ्याकडे आले आहे. जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लावली तेव्हा चार दिवसांत १३ नावे आली. एरवी वार्षिक सभेची गणपूर्ती व्हावी म्हणून मला दारोदार फिरावे लागते, त्यामुळे हा उत्साह पाहून आनंद होण्याऐवजी मी थोडा सावधच झालो आहे.

वरवर पाहता निवड सोपी आहे. या १३ जणांत एक स्थापत्य अभियंता, एक सनदी लेखापाल, एक वकील आणि एक सदनिका खरेदी-विक्रीची दलाली करणारे गृहस्थ आहेत. अध्यक्षांचे म्हणणे असे की माणसे आपल्या पायांनी चालत आली आहेत, त्यांना ज्याची त्याची खाती वाटून द्यावीत आणि मोकळे व्हावे. माझे मन धजत नाही. अभियंत्यांची सारी नोकरी रस्त्यांच्या कामांवर गेली आहे, वकील मोटार अपघात भरपाईचे दावे चालवतात, आणि लेखापाल जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्यांच्या घरच्यांनाही सापडत नाहीत. तिघेही सज्जन आहेत, आपापल्या कामात वाकबगार आहेत, परंतु त्यांची पदवी आणि आमच्यापुढचे काम यांचा सांधा मला जुळताना दिसत नाही.

पुनर्विकासाबाबतचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय मी वाचला आहे, त्यामुळे गणपूर्ती, ५१ टक्के संमती, निबंधकांचा प्रतिनिधी, चित्रीकरण या गोष्टी येथे सांगण्याचे कष्ट घेऊ नयेत. माझा प्रश्न माणसांचा आहे. जे या प्रसंगातून गेले आहेत त्यांनी कोणाला घेतले, कोणाला टाळले आणि कोणाच्या बाबतीत अंदाज चुकला, हे सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

---

गोखले रोड

आम्ही २०२२ मध्ये नव्या घरात राहायला गेलो. त्याआधीची सहा वर्षे मी उपसमितीत होतो, तेव्हा अनुभवाने सांगतो की आपण नावांची यादी काही दिवस बाजूला ठेवावी आणि आधी कामांची यादी करावी. आम्ही हे केले नाही आणि पहिले दीड वर्ष वाया घालवले.

काम म्हणजे 'तांत्रिक', 'कायदेशीर', 'आर्थिक' असे मथळे नव्हेत. मंजूर नकाशाची प्रत कोण मिळवणार, मालमत्ता पत्रकावरील क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष मोजणीचे क्षेत्रफळ यांत तफावत निघाली तर त्यामागे कोण धावणार, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त दोन दिवसांच्या आत कोण लिहिणार, दीडशे पानांच्या विकास करारनाम्याचा मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचणार, आणि परदेशी राहणाऱ्या सभासदाचे कुलमुखत्यारपत्र वेळेत यावे म्हणून त्याला अपरात्री फोन कोण करणार, असे क्रियापदासकट लिहून काढावे. असे लिहिल्यावर आमच्या लक्षात आले की जवळजवळ निम्म्या कामांना कसलीच पदवी लागत नाही. त्यांना चिकाटी, मोकळा वेळ आणि सुवाच्य अक्षर लागते.

आमच्याकडेही वकील सभासद होते आणि करारनाम्याचा मसुदा अर्थातच त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो आठवडाभर ठेवून 'साधारण ठीक आहे' असा शेरा देऊन परत केला. त्यात त्यांची लबाडी नव्हती. दिवसभर कागद वाचणारा माणूस संध्याकाळी फुकटचे कागद तितक्याच बारकाईने वाचत नाही, एवढेच. तोच मसुदा पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मागून घेतला. काकू एका बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षे कारकून होत्या. त्या पट्टी घेऊन बसत, एकेका ओळीखाली ती सरकवत वाचत आणि अडले तेथे समासात पेन्सिलीने फुली मारत. चौथ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावले आणि एका फुलीवर बोट ठेवले. पर्यायी घराचे भाडे 'प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्याच्या दिनांकापासून' देय होईल, असे तेथे लिहिले होते. आम्ही घरे रिकामी करून देणार एका तारखेला आणि भाडे सुरू होणार बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीचा महापालिकेचा कागद येईल तेव्हा. मधले महिने आमच्या खिशातून. त्या एका ओळीत बदल करून 'सदनिकेचा रिकामा ताबा दिल्याच्या दिनांकापासून' असे करून घेतले. पुढे ते प्रमाणपत्र यायला पाच महिने लागले, तेव्हा २४ कुटुंबांची पाच महिन्यांची भाडी त्या पेन्सिलीच्या फुलीने वाचवली, असे म्हणायला हरकत नाही.

काकूंनी स्वतःहून नाव दिले नव्हते. आपल्या १३ नावांतही अशी माणसे असतीलच असे नाही.

---

आडवा प्रश्न

वरील प्रतिसाद वाचायला छान आहे, परंतु २८ सदनिकांच्या संस्थेत निवड निवड म्हणतो ती असते कितीशी? जो येतो त्याला घ्यावे लागते. शिवाय आपण सगळे कौशल्याविषयी बोलत आहोत आणि सभासदांना त्याच्याशी कर्तव्य नसते. 'हा आमच्या मजल्याचा आहे का' आणि 'हा बिल्डरकडून काही घेणार तर नाही ना' हे दोनच प्रश्न लोक मनात विचारतात. प्रत्येक मजल्याचा एक आणि दुकानदारांचा एक असे पाच जण घ्या, उरलेले दोन अध्यक्ष आणि सचिव. कामे आपोआप वाटली जातात. सर्वांत हुशार सात जण एकाच मजल्यावरचे निघाले तर सभेत त्यांचा एकही ठराव पास होणार नाही, हे मी लिहून देतो.

---

वाशी सेक्टर नऊ

नवी मुंबईची बाजू मांडतो. आमच्याकडे जमीन सिडकोची आणि संस्थेकडे ती भाडेपट्ट्याने, त्यामुळे महापालिकेच्या परवानगीइतकेच महत्त्व सिडकोच्या ना-हरकतीला असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की संस्थेच्या कोणीतरी महिन्यातून अनेकदा, तेही कामाच्या दिवशी सकाळी, कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आमच्या पहिल्या उपसमितीतील पाचही जण नोकरदार होते, सगळे बुद्धिमान, आणि सगळे शनिवार-रविवारी उत्साही. सरकारी कार्यालये नेमकी त्याच दोन दिवशी बंद.

शेवटी हे काम आम्ही लोकलचे निवृत्त मोटरमन असलेल्या एका सभासदांकडे दिले. त्यांना नकाशातले काही कळत नाही आणि कळत असल्याचा आवही ते आणत नाहीत. मात्र प्रत्येक भेटीची नोंद ते एका लांब वहीत करतात: तारीख, घरातून निघाल्याची वेळ, कोणते टेबल, समोरची व्यक्ती काय म्हणाली, पुन्हा कधी बोलावले. 'साहेब जागेवर नव्हते' ही नोंदसुद्धा वेळेसह असते. एकदा आमचा अर्ज आलाच नाही असे सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी वही उघडली, आवक क्रमांक वाचून दाखवला, आणि फाइल पुढच्या पंधरा मिनिटांत सापडली. मी त्यांना एकदा विचारले की इतके बारीक लिहिण्याची सवय कशी लागली. ते म्हणाले, गाडी दोन मिनिटे उशिरा पोहोचली तरी कारण लिहून द्यावे लागायचे.

'आडवा प्रश्न' यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मजल्यांचा समतोल सांभाळावाच लागतो. परंतु कामे 'आपोआप' वाटली जातात हे मला पटत नाही. आपोआप वाटली गेलेली कामे ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतात, आणि आमच्याकडे तो मी होतो.

---

हिशेबाचा माणूस

मी स्वतः सनदी लेखापाल आहे आणि माझ्या संस्थेच्या उपसमितीत मी हिशेबाचे काम घेतलेले नाही, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. कारण सांगतो. सभासद-व्यावसायिकाच्या मताला दोन मोठे दोष असतात. पहिला असा की ते फुकट असल्यामुळे त्याची जबाबदारी कोणावरच नसते. दुसरा अधिक घातक: तो त्या विषयातला जाणकार आहे म्हटल्यावर बाकीचे सहा जण त्याला प्रश्न विचारणे सोडून देतात. ज्या समितीत लेखापाल आकडे सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात, तिला समिती म्हणण्यात अर्थ नाही.

प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार तुम्हाला नेमावाच लागणार आहे, वकीलही फी देऊन नेमावा लागेल, कराविषयीचे मतही लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागेल. म्हणजे तज्ज्ञ बाहेरून येणारच आहेत. आत हवी आहेत ती या तज्ज्ञांना न लाजता 'हे मला कळले नाही, पुन्हा सांगा' असे म्हणू शकणारी माणसे. आपल्या रस्तेवाल्या अभियंत्यांना घ्या, जरूर घ्या, पण सल्लागाराच्या ऐवजी नको, सल्लागाराला चार प्रश्न जास्त विचारणारे म्हणून घ्या. त्यांनी आयुष्यभर ठेकेदारांची बिले तपासली असतील तर ते घराच्या नकाशापेक्षा निविदेतल्या पळवाटा अधिक लवकर ओळखतील.

---

जिन्याखालचा फळा

सर्वांचे आभार. 'गोखले रोड' यांच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री क्रियापदासकट यादी करायला बसलो. एकतीस कामे निघाली. त्यांपैकी अभियंत्याखेरीज कोणाला जमणारच नाहीत अशी मला दोन सापडली, वकिलाखेरीज जमणार नाही असे एकही नाही.

'आडवा प्रश्न', आपली सूचना मी धुडकावलेली नाही. परंतु आमच्या तिसऱ्या मजल्यावरून एकच नाव आले आहे आणि ते दलाली करणाऱ्या गृहस्थांचे. त्यांना बाजारभाव तोंडपाठ आहेत, विकासकांची खडान्‌खडा माहिती आहे आणि बोलणे अत्यंत गोड आहे. मजल्याचा प्रतिनिधी म्हणून त्यांना घ्यावे की व्यवसायामुळे टाळावे, हे कळत नाही.

---

कळवा पूल

थोडक्यात लिहितो. पदाधिकाऱ्याचा नातेवाईक विकासक म्हणून नको, असे शासन निर्णयात आहे, पण ओळख, दलाली, नव्या इमारतीतील विक्रीच्या सदनिकांचे कमिशन यांविषयी नियमात पकडणे अवघड जाते. म्हणून आम्ही प्रत्येक इच्छुकाकडून लेखी निवेदन घेतले होते की कोणत्याही निविदाकाराशी माझा आर्थिक व्यवहार नाही आणि प्रकल्प पूर्ण होईपर्यंत मी तो करणार नाही. दोन जणांनी निवेदनाचा कागद घरी नेला आणि तो परत आलाच नाही. कोणावर आरोप करावा लागला नाही, कोणाचा अपमान झाला नाही. आपल्या गृहस्थांपुढे तो कागद ठेवून पाहावा.

---

कोपरीकर

एका वेगळ्या माणसाविषयी लिहायचे आहे, कारण प्रत्येक संस्थेत तो असतो आणि या धाग्यावर त्याचा उल्लेख अजून आलेला नाही. प्रत्येक सभेत उठून हरकत घेणारा सभासद. आमच्या थोरामोठ्यांनी असा विचार केला की त्याला बाहेर ठेवला तर तो त्रास देईल, आत घेतला तर जबाबदारीने वागेल. म्हणून त्याला समितीत घेतले. त्याने आत आल्यावर बैठकीत चकार शब्द काढला नाही. परंतु निविदा उघडण्यापूर्वीच कोणत्या विकासकाने साधारण किती देऊ केले आहे याची चर्चा गल्लीत सुरू झाली. सिद्ध काहीच करता आले नाही. ती सबंध निविदा प्रक्रिया रद्द करून पुन्हा करावी लागली आणि त्यात आमचा एक पावसाळा गेला. जुन्या इमारतीत एक पावसाळा जाणे म्हणजे काय, हे नौपाड्यातल्या लोकांना सांगायला नको. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बी-केबिनजवळची इमारत पहाटे कोसळली तेव्हापासून आमच्याकडे जोराच्या पावसात निम्मी माणसे जागीच असतात.

विरोधकाला सामावून घ्यावे हा सल्ला ऐकायला उदार वाटतो. मी तो पुन्हा कोणाला देणार नाही.

---

माजिवडा नाका

'कोपरीकर' यांचा अनुभव कटू आहे, तरीही मला त्यांच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. हरकत घेणाऱ्यांत दोन जाती असतात. एकाला हरकत घेतल्यावर सगळ्यांनी आपल्याकडे पाहावे एवढेच हवे असते. उत्तर दिले की तो दुसरी हरकत काढतो. दुसरा उत्तर मिळाले की ते वहीत लिहून घेतो आणि गप्प बसतो. हा दुसरा माणूस समितीत हवाच.

आमच्याकडे असे एक आजोबा होते. विकासकाच्या प्रत्येक सादरीकरणात ते एकच प्रश्न विचारत: 'हे क्षेत्रफळ म्हणता ते रेराच्या व्याख्येचे कार्पेट की बाल्कनी धरून?' पहिल्या सादरीकरणात लोक हसले. तिसऱ्यात विकासकाच्या माणसानेच आधी व्याख्या सांगून मग आकडा सांगितला. रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, व्याख्येत कार्पेट म्हणजे सदनिकेचे आतले वापराचे क्षेत्रफळ; त्यात बाहेरच्या भिंती आणि केवळ त्या सदनिकेची असलेली बाल्कनी धरली जात नाही, आतल्या भिंती मात्र धरल्या जातात. हा फरक लक्षात घेतला नाही तर दोन निविदांची तुलनाच होऊ शकत नाही. आजोबांनी सगळ्या निविदा एका मापावर आणून ठेवल्या, आणि तेही पुनर्विकासाला त्यांचा शेवटपर्यंत विरोध असताना. मतदानात त्यांनी विरोधात हात वर केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या बैठकीची वेळ विचारायला आले.

गोपनीयतेचा प्रश्न माणसाच्या स्वभावावर सोडू नये. निविदा सीलबंद मागवाव्यात आणि सर्वांसमोर उघडाव्यात, म्हणजे आधी फुटण्यासारखे कोणाच्या हाती काही राहतच नाही.

---

कोपरीकर

सीलबंदच होत्या. विकासक निविदा भरण्यापूर्वी सभासदांना भेटत होते, त्या भेटी कोणाच्या घरी झाल्या एवढाच प्रश्न आहे. असो. आपले आजोबा आम्हाला मिळाले असते तर मीही वेगळे लिहिले असते.

---

ओटा आणि उंबरा

इतका वेळ वाचत होते. एक साधा प्रश्न विचारते. धागाकर्त्यांच्या १३ नावांत स्त्रिया किती?

आदर्श उपविधींत व्यवस्थापक समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव असतात म्हणून तेथे आम्ही दिसतो. पुनर्विकास उपसमितीचा विषय निघाला की 'हे जरा तांत्रिक आहे हो' असे सांगून आम्हाला भूमिपूजनाच्या रांगोळीपर्यंत थांबवले जाते. मी हे गाऱ्हाणे म्हणून लिहीत नाही, कामाची गोष्ट म्हणून लिहिते. आमच्या इमारतीत एका विकासकाने उत्तम देकार दिला होता आणि तरी संमतीपत्रे आवश्यक संख्येवर पोहोचत नव्हती. समितीतले पुरुष सभासदांना पुन्हा पुन्हा क्षेत्रफळ आणि कॉर्पसचे, म्हणजे विकासक देणार त्या एकरकमी निधीचे, आकडे समजावत राहिले. आकड्यांविषयी कोणाची तक्रारच नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना भीती होती की भाड्याच्या घरात असताना आपल्याला काही झाले तर आपण आपल्या घरात मरणार नाही. एका घरात मुलीची दहावी होती. एका घरात सदनिका दिरांच्या आणि नवऱ्याच्या नावे होती आणि दोन भावांचे बोलणे बंद होते, त्यामुळे सही मागायला गेलेल्या माणसाला दोघेही 'बघू' म्हणून परत पाठवत होते.

हे सगळे इमारतीतल्या बायकांना ठाऊक होते. समितीला ठाऊक नव्हते, कारण समितीत एकही बाई नव्हती आणि समितीतल्या पुरुषांनी घरी विचारले नव्हते. शेवटी मला आणि आणखी एकीला घेतले. आम्ही आजींसाठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर भाड्याची खोली शोधली, घरे रिकामी करण्याची तारीख परीक्षेनंतरची ठरवून घेतली, आणि दोन जावांना आमच्या स्वयंपाकघरात एकत्र बसवले. सह्या त्या महिन्यात पूर्ण झाल्या.

सभासदांशी बोलण्याचे काम हे समितीतले दुय्यम काम समजले जाते आणि जो उरेल त्याला दिले जाते. त्या कामासाठी माणूस सर्वांत आधी निवडावा असे मला वाटते.

---

जिन्याखालचा फळा

'ओटा आणि उंबरा', उत्तर द्यायला संकोच वाटतो, पण खरे तेच लिहितो: एकही नाही. सूचना मराठीत होती, फळ्यावर होती, सर्वांसाठी होती. तरीही एकही नाही, आणि आपण विचारेपर्यंत ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

---

गोखले रोड

एक उपाय सुचवतो, जो आम्हाला उशिरा सुचला. नेमणूक करण्यापूर्वी पंधरा दिवसांचे एखादे खरे काम द्या. मुलाखतीत सगळेच चांगले दिसतात आणि शेजाऱ्यांची मुलाखत घेणे तसेही अवघड. पण काम पुढ्यात आले की माणूस कळतो. सदनिकांच्या मोजणीचे काम यासाठी फार चांगले. ते करावेच लागते, त्यात दुखावण्यासारखे काही नसते, आणि त्यात मोजमाप, नोंद, वेळ पाळणे, दुसऱ्याच्या घरात शिरून नीट बोलणे, असे सगळेच येते.

---

आडवा प्रश्न

हे मात्र मान्य. आणि मजल्यांचा समतोल मोजणीच्या निमित्ताने साधून घ्या, म्हणजे आपल्या मजल्यावर कोण आले होते ते लोकांच्या लक्षात राहील.

---

जिन्याखालचा फळा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण त्या तीन आठवड्यांत आम्ही खरोखरच मोजणी केली. व्यवसायाने मोजणी करणारा माणूस नंतर येईलच. ही आमची आमच्यापुरती. 'कळवा पूल' यांच्या सल्ल्याप्रमाणे आधी निवेदनाचा कागद फिरवला. दलाली करणाऱ्या गृहस्थांनी तो वाचला, हसले, आणि आपल्याला अलीकडे वेळ फारसा मिळत नाही असे म्हणाले. उरलेल्या १२ जणांच्या दोघा-दोघांच्या सहा जोड्या केल्या. शिवाय दारोदार जाऊन चार गृहिणींना आणि खालच्या स्टेशनरीच्या दुकानदारांना विनंती केली. त्यांतल्या दोघींनी आणि दुकानदारांनी होकार दिला, तेव्हा त्या दोघींची एक जोडी झाली आणि दुकानदार वेळापत्रकासाठी राहिले.

जे दिसले ते मी कोणत्याही मुलाखतीत पाहू शकलो नसतो. वकील पहिल्या दिवशी आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मुलाला पाठवले. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बोलतो कमी, परंतु प्रत्येक खोलीची लांबी दोनदा मोजतो, आणि दोन मापे जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा मोजतो. अभियंते फीत धरायला वाकले नाहीत. मात्र बंदिस्त केलेल्या बाल्कन्यांचे काय करायचे हा प्रश्न आला तेव्हा त्यांनीच १९८६ चा मंजूर नकाशा जमिनीवर पसरून, गुडघे टेकून, कोणती भिंत मूळची आणि कोणती नंतरची हे एका दुपारी आम्हाला समजावून दिले. चौथ्या मजल्यावर एका सदनिकेत मूळ भिंतच सापडेना. घरमालक शपथेवर सांगत होते की घर घेतले तेव्हापासून असेच आहे. तेव्हा मोजणीला आलेल्या वहिनींनी पंख्याच्या जुन्या हुकाकडे बोट दाखवले: हूक खोलीच्या मधोमध नव्हता, भिंतीला चिकटून होता. भिंत सरकली होती, हूक जागेवर राहिला होता. घरमालकांनाही हसू आवरले नाही आणि त्यांनी सही केली.

स्टेशनरीचे दुकानदार एकाही घरात मोजायला गेले नाहीत. त्यांनी वेळापत्रक केले. कोण सकाळी किती वाजता बाहेर पडते, कोणाच्या घरी दुपारी कोणी नसते, कोणाची पाळी रात्रीची असते, हे त्यांना वीस वर्षे गल्ल्यावर बसून पाठ झाले आहे. २८ पैकी एकाही घरी आमची फेरी फुकट गेली नाही. संस्थेत त्यांना आजवर 'दुकानवाले' म्हणून वेगळे धरले जात होते, आणि दुकानांना नव्या इमारतीत किती जागा मिळणार यावर त्यांचे आणि सदनिकाधारकांचे हित एक नाही, हेही खरे आहे. त्यामुळे त्या विषयाच्या चर्चेत ते बसणार नाहीत असे त्यांनी स्वतःच लिहून दिले.

काल व्यवस्थापक समितीने सात नावे सर्वसाधारण सभेपुढे ठेवायची ठरवली. सभासदांशी बोलणे हे काम पहिल्या क्रमांकावर ठेवले आहे आणि ते हुकाच्या वहिनी व त्यांच्या जोडीदारीण यांच्याकडे जाईल. कार्यालयांच्या फेऱ्यांसाठी एक निवृत्त पोस्टमन मिळाले आहेत. त्यांना पायऱ्यांचे भय नाही. अभियंते सल्लागाराला प्रश्न विचारतील. दुकानदार बैठकांचे आणि तारखांचे पाहतील. मसुदे वाचण्यासाठी एक आजोबा, आणि त्यांच्या मदतीला सातांबाहेरून, सचिव म्हणून, मी. लेखापालांनी आपण होऊन सांगितले की ते समितीत नसतील, परंतु ऑक्टोबरपासून कोणीही कोणताही आकडा घेऊन घरी यावे. त्यांच्या या प्रामाणिकपणाने मला फार हलके वाटले.

अडचण इतिवृत्ताची आहे. सातवी जागा मी त्या मुलासाठी मनात धरली होती. अक्षर सुंदर, नोंदी चोख, आणि बैठकीत तोंड न उघडता बसायची तयारी. परंतु तो सभासद नाही, सभासद त्याचे वडील आहेत, आणि ठराव सभासदांच्या उपसमितीचा आहे. सध्या असा तोडगा काढला आहे की सातव्या जागी वडील, आणि इतिवृत्त लिहायला निमंत्रित म्हणून मुलगा, मतदानाचा अधिकार नसलेला. वडिलांना ही व्यवस्था सांगितली तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, 'म्हणजे तुम्हाला हवा आहे तो हा, आणि मी त्याच्यासोबत आलेला.' मी नाही म्हणू शकलो नाही. असा निमंत्रित लेखनिक कोणी ठेवला असेल, तर त्याच्या इतिवृत्ताला पुढे कोणी हरकत घेतली का आणि सही कोणाची चालली, एवढे कृपया कळवावे. सभा येत्या रविवारी आहे.

---

वाशी सेक्टर नऊ

आम्ही ठेवला होता. लिहिणारा कोणीही असो, पुढच्या बैठकीत ते वाचून कायम करून घ्यायचे आणि सही अध्यक्ष व सचिवांनी करायची. हरकत आली नाही. फक्त त्याला पानांना क्रमांक घातलेली बांधीव वही द्या, सुटे कागद देऊ नका.

---

जिन्याखालचा फळा

वही खालच्या दुकानातूनच घेतली. दुकानदारांनी पैसे घेतले आणि पावती दिली. प्रकल्पाच्या खर्चाची ती पहिली पावती म्हणून फाइलला लावली आहे.